होस्ट फॅमिली सोडून फ्लॅट घ्यायची घाई करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी निकाल लागले की आपल्या पेपरात परदेशी शिक्षणाच्या पुरवण्या येतात. त्यात रँकिंग असतं, व्हिसा असतो, एज्युकेशन लोनचं कोष्टक असतं, पण पोरगी तिकडे जाऊन राहणार कुणाच्या घरात, रात्री जेवायला कुणासमोर बसणार, यावर दोन ओळी पण नसतात. मी मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत, एक सेमिस्टर स्पेनमध्ये सालामांकाला राहून आले. मूळ मनमाडची, शिकायला पुण्यात, विषय स्पॅनिश. परत आल्यापासून ज्युनिअर मुलं आणि त्यांचे आईबाबा फोन करतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच ते, खर्च किती आला, व्हेज मिळतं का, पार्टटाइम जॉब करता येतो का, आणि शेवटी हळूच, ती होस्ट फॅमिली, म्हणजे प्रोग्रामने राहायला ठरवून दिलेलं तिकडचं कुटुंब, सोडून आपल्या आपल्या मुलींनी मिळून फ्लॅट घेतला तर चालतो का. या शेवटच्या प्रश्नासाठी हे पत्र.

माझं उत्तर, घाई करू नका. आमच्या बरोबर गेलेल्यांपैकी तिघी तिसऱ्याच आठवड्यात होस्ट फॅमिलीतून बाहेर पडल्या, स्टेशनजवळ फ्लॅट घेतला, कुकर होता, मॅगी होती, दिवसभर हिंदी, आणि जूनमध्ये परत येताना त्यांचं स्पॅनिश जवळपास तेवढंच होतं जेवढं जाताना विमानात होतं. त्यांना नावं ठेवत नाहीये, पहिल्या आठवड्यात मी पण तेच करणार होते. का करणार होते ते सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

मी उपाशी होते! म्हणजे घरात अन्न भरपूर, सेन्योरा, म्हणजे घरच्या मालकीणबाई, चांगली, पण मी उपाशी. झालं असं की ती वाढताना विचारायची, अजून हवं का, आणि मी म्हणायची, नो, ग्राथियास, म्हणजे नको, थँक्यू. आता आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नको नसतं ना, ती एक पद्धत असते, समोरच्याने म्हणायचं अगं घे गं, आपण म्हणायचं नाही हो खूप झालं, त्याने अर्धी पोळी टाकायची, आपण हात आडवा धरायचा आणि मग खायची. ती बाई मात्र नो ऐकलं की भांडं उचलून सरळ आत. पाच दिवस मी वाट बघत होते की आज तरी आग्रह करेल. सहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता खोलीत आईने दिलेला चिवडा कोरडाच खात बसले होते, तो आवाज ऐकून ती दारात आली. मग मी मोडक्या स्पॅनिशमध्ये आग्रह म्हणजे काय ते समजावलं, त्याला वीस मिनिटं लागली, आणि ती इतकी हसली की शेजारीण बेल वाजवून विचारायला आली काय झालं. दुसऱ्या दिवसापासून तिने नियम केला, माझं पहिलं नो मोजायचं नाही, दुसरं मोजायचं. ती मला इखा म्हणायची, म्हणजे पोरी, बाळा. इखा, कोमे! पोरी, खा! हे दोन शब्द मी जूनपर्यंत किती वेळा ऐकले असतील त्याला गणती नाही.

एक प्रश्न सगळ्यांनाच पडतो, आधी माझ्या बाबांनाच पडला होता. ते पैसे घेतात म्हणजे ती कसली फॅमिली, ते पीजीच झालं. पैसे घेतात, हो. प्रोग्राम दिवसाच्या हिशोबाने होस्टला पैसे देतो, त्यात खोली, तीन वेळचं जेवण आणि आठवड्यातून एकदा कपडे धुणं. आमची सेन्योरा सत्तरीला आलेली, नवरा वारलेला, पेन्शन कमी, मुलगा माद्रिदला, म्हणून दोन खोल्या स्टुडंट्सना. तिने हे कधी लपवलं नाही. एकदा तोंड उघडून नवीन दाढा दाखवल्या आणि म्हणाली, या वरच्या दोन मागच्या सेमिस्टरच्या मुलीच्या पैशातल्या, खालची एक तुझी. आता याला व्यवहार म्हणायचं का माया? मला तर वाटतं हा प्रश्नच चुकीचा आहे. पुण्यात खानावळ चालवणाऱ्या काकू महिन्याचे पैसे मोजून घेतात, पण पोरगा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या रूमवर डबा पाठवतात. आणि त्याच्याही आधी, आमच्या पणजोबांच्या पिढीत, गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. तिथे पैसे नव्हते, पण सगळीकडे माया होती असंही नाही, पणजोबा एका घरी वर्षभर मागच्या दारी बसून जेवले असं घरात सांगतात. पैसे घेतले की माया खोटी आणि फुकट दिलं की खरी, असं काही नसतं.

पीजी आणि होस्ट फॅमिलीतला खरा फरक मला दिसला तो जेवणाच्या टेबलाशी. पुण्यात मी तीन वर्षं ज्या पीजीत आहे तिथे फ्रीजवर नियमांचा कागद चिकटवलाय, चौदा नियम, आणि मालकीणबाईंसोबत मी आजवर एकदाही जेवलेली नाही. तिकडे जेवण एकत्रच. आणि जेवण झाल्यावर लगेच उठायचं नाही, ताटं तशीच ठेवून गप्पा मारत बसायचं, याला त्यांच्याकडे चक्क वेगळा शब्द आहे, सोब्रेमेसा. माझी भाषा झाली ती या सोब्रेमेसात, वर्गात नाही. वर्गात भूतकाळाची रूपं पाठ केली होती, पण शेजारणीच्या सुनेने काय केलं हे ऐकताना भूतकाळ आपोआप कानात बसतो, कारण पुढे काय झालं हे ऐकायचंच असतं. सालामांका समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर, फेब्रुवारीत थंडी हाडात जाते. तर त्यांचं ते गोल टेबल असतं ना, मेसा कामिया, त्याच्यावर जमिनीपर्यंत जाड टेबलक्लॉथ आणि खाली हीटर. पूर्वी त्यात निखारे ठेवायचे, आता विजेवरचा. पाय आत, कापड मांडीवर, आणि बाहेर उठून जायची हिंमत कुणाची नाही. माझ्या स्पॅनिशचं अर्धं श्रेय त्या हीटरचं.

घरात माझ्यासोबत एक अमेरिकन मुलगी पण होती. तिला जेवणाच्या वेळांचा जाम त्रास झाला, दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला, बिचारी सहा वाजल्यापासून बिस्किटं शोधत फिरायची. मला काहीच वाटलं नाही, आमच्याकडे बाबा दुकान बंद करून येईपर्यंत तेवढेच वाजतात. आता स्पेनचं घड्याळच मुळात पुढे आहे, १९४० पासून ते जर्मनीच्या वेळेवर चालतं, खरं म्हणजे नकाशात बघितलं तर ते इंग्लंडच्या खाली आहेत, त्यामुळे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि मग कोण लवकर जेवणार.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि इथे मात्र मी बाजी मारली. आमच्या बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस नव्हता, केशरी रंगाची बुटेनची टाकी यायची, साडेबारा किलोची, आपल्या सिलिंडरसारखीच, आणि आणणारा माणूस पण तसाच खांद्यावर टाकून जिना चढायचा. गरम पाणी त्यावरच. अमेरिकन मुलगी वीस मिनिटं शॉवर घ्यायची आणि सेन्योरा बाहेर पॅसेजमध्ये देवाचं नाव घेत फेऱ्या मारायची. मी चार मिनिटांत बाहेर. पहिल्या दिवशी तिला वाटलं मी अंघोळच केली नाही. मग मी सांगितलं की आमच्या गावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते, पंधरा-पंधरा वीस-वीस दिवस आम्ही पिंपं भरून काढलेत, मनमाडच्या पोरीला पाणी कसं वापरायचं हे शिकवावं लागत नाही. तेव्हापासून घरी कुणी आलं की माझी ओळख अशी, ही इंडियातून आलीय आणि ही चार मिनिटांत अंघोळ करते.

चपलांवरून मात्र आमचं जूनपर्यंत मिटलं नाही. मी घरात अनवाणी, सवयच ती, आणि तिच्या मते अनवाणी चालणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण. तिने मला कापसाचे गोंडे लावलेले स्लिपर आणून दिले, मी ते जेवताना काढून ठेवायची, ती टेबलाखालून पायाने चाचपून बघायची. पण एकदा ब्रेडचा तुकडा तिच्या हातून खाली पडला आणि तिने तो उचलून त्याचं चुंबन घेतलं, मग बाजूला ठेवला, आणि मी बघतच राहिले, कारण त्याच दिवशी सकाळी माझा पाय वहीला लागला म्हणून मी नमस्कार केला होता आणि तिने विचारलं होतं हे काय. त्या तुकड्यानंतर तिने परत कधी विचारलं नाही.

व्हेजचं एकदाचं सांगून टाकते कारण त्याशिवाय आया फोन ठेवत नाहीत. अंडं खात असाल तर अजिबात अडत नाही. तोर्तिया म्हणतात ते मेक्सिकोच्या पोळीसारखं नाही, ते बटाटा-अंड्याचं जाड थालीपीठच समजा. जवळच्या ला आर्मुन्या भागातली मसूर तिकडे नावाजलेली आहे, डाळीचा प्रश्न मिटला. लाल तिखटाची पूड घालून बटाटे घोटतात ते तर आपल्या भाजीच्या इतकं जवळ की मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोळ्यात पाणी आलं (तिखटाने नाही). एकच खबरदारी, त्यांच्या डोक्यात हामोन, म्हणजे वाळवलेलं डुकराचं मांस, हे मांसात मोजलंच जात नाही. भाजी मागितली तरी वर चार तुकडे भुरभुरलेले येणार. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. आणि हो, बाताता म्हटलं तर रताळं मिळेल, बटाटा हवा असेल तर पाताता म्हणा. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आला, पाव पण, आणि पगार पण, स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे देणं. मी हे सेन्योराला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तुम्ही पोर्तुगालकडून शिकलात, म्हणून उच्चार बिघडलेत. शेजाऱ्याबद्दल असंच बोलायचं असतं बहुतेक, सगळीकडे.

सगळे होस्ट असे नसतात, हेही लिहिलंच पाहिजे. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीच्या होस्टबाई हीटिंग दिवसातून दोनच तास लावायच्या आणि खाऊच्या कपाटाला कुलूप. तिने दहा दिवस सहन केलं, रोज रात्री रडून आम्हाला मेसेज, पण कोऑर्डिनेटरला सांगायची भीती. शेवटी सांगितलं तर आठवड्याभरात घर बदलून मिळालं. प्रोग्राम निवडताना रँकिंग बघण्याआधी हे विचारा की घर जमलं नाही तर बदलून मिळतं का आणि कोणाला फोन करायचा. व्हिसाची फाइल करताना बँकेत महिन्याला ६०० युरोच्या हिशोबाने पैसे दाखवायला लागले होते, म्हणजे तेव्हाचे ५०-५५ हजार रुपये, त्यासाठी आमचे बाबा महिनाभर धावपळ करत होते, पण हा एक प्रश्न विचारायला कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

२८ एप्रिलचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या सोमवारी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी जवळपास अख्ख्या स्पेन-पोर्तुगालची लाईट गेली. सिग्नल बंद, ट्रेन जागेवर उभ्या, थोड्या वेळाने मोबाइल नेटवर्क पण गेलं. नेमका तोच दिवस सालामांकाचा सण होता, लुनेस दे आग्वास. कथा अशी सांगतात की सोळाव्या शतकात फिलिप राजाने हुकूम काढला, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात गावातल्या वेश्यांना नदीपलीकडे ठेवायचं, आणि तो काळ संपला की विद्यार्थी होड्या घेऊन त्यांना आणायला जायचे आणि काठावर जल्लोष. (हे सेन्योराने मला मान खाली न घालता सांगितलं, मीच घातली.) आता त्याचं इतकंच उरलंय की सगळं गाव दुपारी तोर्मेस नदीच्या काठावर जाऊन ओर्नाथो खातं, ओर्नाथो म्हणजे आत सारण भरलेला मोठा भाजलेला पाव. तर घरी आले तेव्हा सेन्योरा भेदरलेली, युद्ध झालं का, हल्ला झाला का, कपाटातून जुना ट्रान्झिस्टर काढलाय पण सेल नाहीत, आणि दुकानांत सेलला रांगा. आणि मी? मी लोडशेडिंगमध्ये वाढलेली. मी भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून ट्रान्झिस्टरमध्ये घातले आणि म्हटलं, चला नदीवर. ती माझ्याकडे बघतच राहिली, त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं असेल की या पोरीला काहीतरी येतं. शेजाऱ्यांच्या विजेच्या शेगड्या बंद, आमची बुटेनची चालू, त्यामुळे चार घरांची कॉफी आमच्याकडे झाली, आणि मग सगळे मिळून नदीवर गेलो. माझ्यासाठी तिने पालक आणि अंडं घालून वेगळा ओर्नाथो केला होता. हजारो माणसं गवतावर बसलेली, कुणाच्याच फोनला रेंज नाही, आणि मी उभ्या आयुष्यात इतकी माणसं एकमेकांशी बोलताना पाहिली नव्हती. रात्री लाईट आली तेव्हा भारतात पहाट होत होती, आई जागीच. बाबा मागून म्हणाले, लाईटच गेली होती ना, मग एवढं काय.

आता आमच्या मळ्यातल्या विहिरीचं. सेन्योराच्या फ्रीजवर एका छोट्या मुलीचा फोटो होता, आंध्रातल्या अनंतपूरकडची. तिकडे बरेच लोक विसेंते फेरेर यांच्या संस्थेमार्फत अशा मुलांसाठी दरमहा पैसे पाठवतात, तशी सेन्योरा पण, स्वतःच्या दाढा थांबवून. तिला वाटलं मी भारताची म्हणजे मला फेरेर माहीत असणारच. मी म्हटलं नाही माहीत. रात्री सहज घरी फोनवर बोलले तर आजोबा मध्येच आईचा फोन ओढून घेऊन म्हणाले, फेरेर? म्हणजे आपले फादर?

मी मनमाडची असून मला माहीत नव्हतं, याची अजून लाज वाटते. हा बार्सिलोनाचा माणूस १९५२ साली जेझुइट, म्हणजे एका ख्रिस्ती धर्मसंघाचा माणूस म्हणून मुंबईला आला आणि मग आमच्या मनमाडला. दुष्काळी भागात त्याने शेतकऱ्यांना विहिरी खणायला लावल्या, खणणाऱ्याला गहू आणि तेल. आजोबा म्हणाले आपल्या मळ्यातली विहीर फादरच्याच गव्हावर झाली, ते तेव्हा विशीत, स्वतः खाली उतरून दगड वर दिलेत. पुढे १९६८ ला त्यांना देश सोडायचा हुकूम निघाला तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईला चालत निघाले. इंदिरा गांधींनी त्यांना परत यायची परवानगी दिली, ते १९६९ ला आले, पण महाराष्ट्रात नाही, अनंतपूरला, आणि २००९ ला वारेपर्यंत तिथेच राहिले. आजोबांनी हे सगळं अहिराणी-मराठीत सांगितलं, मी टेबलाशी बसून वाक्यावाक्याला स्पॅनिशमध्ये करत गेले, मध्ये रहाट या शब्दावर अडले, हाताने फिरवून दाखवला. जेवण थंड झालं. सेन्योराने फोटो फ्रीजवरून काढून टेबलावर आणून ठेवला होता, का ते तिलाच माहीत. त्या रात्री मी किती क्रियापदं चुकवली असतील देव जाणे, तिने एकही सुधारलं नाही, एरवी ती घास तोंडात असताना पण सुधारायची.

फ्लॅटमध्ये राहिले असते तर फेरेर हे नाव मला सालामांकात कुणी सांगितलं असतं? आणि मनमाडमध्ये तरी कुणी सांगितलं असतं का? वीस वर्षं मी त्या विहिरीचं पाणी पीत होते.

पुरवणी काढणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी रँकिंगचा एखादा कॉलम कमी करा आणि होस्ट फॅमिलीत राहून आलेल्या चार मुलांना लिहायला सांगा, चांगलं-वाईट दोन्ही. आणि पीजी चालवणाऱ्या काकूंना, माझ्या मालकीणबाईंना धरून, एक सांगायचंय, आठवड्यातून एक दिवस पोरींना जेवायला टेबलावर बोलवा, पैसे वाढवून घ्या हवं तर.

सेन्योराचे अजून व्हॉइस मेसेज येतात, पाच-पाच मिनिटांचे. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, ती विहीर अजून आहे का, पाणी आहे का. आजोबा म्हणतात मेपर्यंत टिकतं. पुढच्या सुट्टीत घरी गेले की मळ्यात जाऊन फोटो काढणार आहे, रहाट कधीच गेला, मोटर आहे, पण आजोबा म्हणाले काठावर मी उभा राहतो, मला घे फोटोत, तिला सांग यानेच खणलीय.

आपली,
एक विद्यार्थिनी, मनमाड (सध्या पुणे)